फळीवरचं ताट

"साहेबाला टेबल लावा रे!"

आबा पाटील ओरडले आणि सगळं खळं हसलं. साहेब म्हणजे मी.

दोन दगडांवर एक फळी ठेवली होती. सकाळी त्याच फळीवर सुताराने लाकडी खुंट्या तासल्या होत्या. भुसा अजून तसाच होता. भुशावर एक पत्रावळ. बसायला तिसरा दगड. गावाची पंगत आंब्याखाली, सारवलेल्या जागेवर. माझी फळी बैलगाडीच्या पलीकडे, उकिरड्याच्या बाजूला.

"पुण्याला शिकल्यालं माणूस हाय. मांडी घातली तर इस्त्री मोडंल त्याची," पाटील म्हणाले. पुन्हा हशा.

मी बी.ए. झालो होतो. आमच्या महारवाड्यातला पहिला. त्या दिवशी सकाळपासून मी बोलत होतो. परदेशातून आलेल्या एलीचं इंग्रजी मराठीत सांगत होतो, गावाचं मराठी इंग्रजीत. घसा बसला होता. मी "उचला" म्हणालो की सगळ्या गावाचे हात एकदम उचलले जात होते. पाटलांचा नवा गोठा एका दिवसात उभा राहिला होता.

आणि आता मी उकिरड्याशेजारी.

आमच्या वस्तीची माणसं ओढ्यापलीकडे बसली होती. त्यांत माझी आई. गोठ्याचे दोर ओढून तिच्या तळहाताची सालटी निघाली होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पदर पुढे ओढून घेतला.

वाढपी आला. तो वाकला नाही. उभ्यानेच भात सोडला. अर्धा पत्रावळीवर, अर्धा भुशात.

एली पाटलांच्या शेजारी पाटावर बसला होता. परदेशी माणूस, ख्रिस्ती. त्याच्या घरी काय शिजतं हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याने मान वळवून मला पाहिलं. मग फळी पाहिली. हातातला घास हातातच राहिला.

"ते काय म्हणाले?" त्याने इंग्रजीत विचारलं.

दुभाष्याने जे बोललं जातं तेच सांगायचं. मी म्हणालो, "मला मानाची जागा दिली म्हणाले."

*

आमचं गाव मुळशीतलं. पौडच्या रस्त्यापासून आत. नाव लिहीत नाही, कारण त्या गावाच्या जागी दुसरं कुठलंही गाव असू शकलं असतं. धरणाची वीज आमच्या डोक्यावरच्या तारांतून मुंबईला जायची. खाली आमच्या घरात चिमणी.

पौडच्या शाळेत एका मास्तरांनी मला मार खाऊ दिला नाही आणि शाळाही सोडू दिली नाही. पुढे पुण्यात वसतिगृहात राहून शिकलो. त्या मास्तरांचं आणि त्या वसतिगृहातल्या भाताचं ऋण माझ्यावर आहे. ते फिटणार नाही, आणि फेडून मोकळं व्हावं अशी इच्छाही नाही. डिग्री हातात आली तेव्हा ग्रामविकासाचं काम करणाऱ्या एका परदेशी संस्थेला दुभाषा हवा होता. त्यांनी मला घेतलं आणि नेमकं माझ्याच गावात धाडलं. माझ्याबरोबर एली होता.

एली अमेरिकेतला, शेतकऱ्याचा मुलगा. माझ्याच वयाचा. त्याने आपल्या देशाच्या सैन्यात जायला नकार दिला होता. बंदूक धरणार नाही, त्याऐवजी कुठेही पाठवा, काम करतो, म्हणाला. म्हणून तो मुळशीत. त्याचे लोक आमिश. ते मोटार ठेवत नाहीत, घोडागाडीने जातात. घरात तारेची वीज घेत नाहीत. कपडे साधे, एकाच धर्तीचे. देवळासारखी इमारत नाही. प्रार्थना पाळीपाळीने एकेकाच्या घरी. पोरं आठवीपर्यंत शिकतात, मग शेतावर.

गावाला या गोष्टी फार आवडायच्या. चावडीत एली बसायचा, मी पायरीखाली उभा राहून सांगायचो. दुभाषे उभेच असतात असं एलीला बरेच दिवस वाटत होतं.

"बटन न्हाई?" कुणीतरी विचारायचं. "मग कोट लावत्यात कशानं?"

"हुकांनी," मी सांगायचो.

"आन मिशी काडून नुसती दाढी? बोकडं हायेत का काय!"

"वीज नगं म्हणायला त्यास्नी कुणी देत तर व्हतं. आमाला कोण इचारतंय?"

"म्हंजी आबा, आपुन बी आमिशच की!"

हसून हसून चावडी लोळायची. मी ते हसूसुद्धा भाषांतर करून सांगायचो. एली लाल होऊन हसायचा. त्या दिवसांत मला तो फार जवळचा वाटायचा. आमच्या घरी येऊन माझ्या आईच्या हातचं पाणी पिणारा वस्तीबाहेरचा तो पहिला माणूस. आई म्हणायची, "देवमाणूस हाय रं." मलाही वाटायचं.

गोठ्याची कल्पना त्याचीच. त्याच्या मुलखात कुणाचा गोठा जळाला की सगळे लोक जमतात. अख्खी भिंत, खांब, तुळया, वासे, जमिनीवर आडवी जोडतात. खिळा नाही, लाकडी खुंट्या. मग पुढून बांबू लावून रेटायचं, मागून दोर ओढायचे, एका दमात सांगाडा उभा. दिवस मावळायच्या आत छप्पर. मजुरी नाही. आज तुझ्या दारी, उद्या माझ्या दारी.

"हे तर इर्जिक झालं," म्हातारे म्हणाले. त्यांना पटलं. नांगरटीला बैल जमवतात तसं. फक्त बैलांऐवजी माणसं.

आणि मग एकाने विचारलं, "आन त्यांच्यात कुणी रीत मोडली तर?"

एली म्हणाला, "सगळ्या मंडळींसमोर शब्द देऊन माणूस आमच्यात येतो. शब्द मोडून गेला तर त्याच्याशी व्यवहार बंद. तो घरी आला तर त्याला जेवायला घालतात. पण वेगळ्या टेबलावर. त्याच्या हातून ताट घेत नाहीत. त्याने ते खाली ठेवायचं, मग दुसऱ्याने उचलायचं."

हे मला कुणाला सांगायचं होतं? मी सांगितलं. शब्दाला शब्द.

मग पाटलांनी मांडीवर थाप मारली. "वाळीत टाकणं! बगा, साता समुद्रापल्याड बी हाय की!" त्यांच्या चेहऱ्यावर खराखुरा आनंद होता. आपलं कुणीतरी भेटल्यासारखा.

एली घाईने म्हणाला, "पण ते प्रेमाने करतात. त्याने परत यावं म्हणून."

मी सांगितलं, "मायेनं करत्यात म्हणे."

"तेच तर," पाटील म्हणाले. "आमी बी मायेनंच करतो."

गोठ्याच्या दिवशीची ती फळी तिथून आली होती. एरवी मी ओढ्यापलीकडे आईजवळ बसलो असतो. पाटलांनी माझ्यासाठी खास परदेशी रीत आणली. ती त्यांना मीच शिकवली होती.

*

त्या दिवशी जेवणं उरकल्यावर, उन्हं उतरता उतरता, एली माझ्याजवळ आला. उरलेल्या लाकडांच्या ढिगावर आम्ही बसलो.

"मानाची जागा नव्हती ती," तो म्हणाला.

"नव्हती."

"माझ्या आईच्या घरी तसंच टेबल आहे. माझ्यासाठी."

मला कळलं नाही. मग त्याने सांगितलं. अठराव्या वर्षी त्याने मंडळींसमोर शब्द दिला होता. पुढे त्याला शिकावंसं वाटलं. माती, बियाणं, जनावरांचे रोग. घरच्यांनी समजावलं. त्याने ऐकलं नाही. मंडळी सोडून कॉलेजात गेला, जरा सैल पंथात सामील झाला. तेव्हापासून तो घरी गेला की आई त्याचं टेबल वेगळं लावते. मोठ्या टेबलाला अगदी चिकटून. मध्ये बोटभर फट. वरून एकच चादर घालते, फट दिसू नये म्हणून.

"पण फट असते," एली म्हणाला. "कोपर टेकलं की लागते."

शिकला म्हणून वेगळं टेबल. मी त्याच्याकडे बघत राहिलो. इतकं माझ्यासारखं माणूस मला जगात दुसरं भेटलं नव्हतं.

"मग तू काय करतोस?"

"बसतो. जेवतो. आईला दुखवत नाही. तूही बस. रागावू नकोस. शांत बसलेल्या माणसाची समोरच्याला एक दिवस लाज वाटते."

तो मनापासून बोलत होता. मी मान हलवणार होतो. या माणसामुळे मला पगार मिळत होता, त्याने आईला मान दिला होता. तो म्हणतो ते ऐकावं, असं माझ्या अंगात भिनलेलं होतं. उपकार करणाऱ्यापुढे आमची मान आपोआप हलते.

पण तोंडून निघालं, "एली, तू काय केलंस म्हणून ते टेबल मिळालं?"

"शब्द मोडला."

"मी काय केलं?"

त्याने खालचा मूठभर भुसा उचलला.

"तुला परत मोठ्या टेबलावर जायचं असेल तर?"

"मंडळींपुढे गुडघे टेकायचे. चुकलो म्हणायचं. मग हात धरून उठवतात. त्याच दिवशी सगळ्यांबरोबर जेवायला बसवतात."

"मी कशाची कबुली देऊ? कुणाच्या पोटी आलो त्याची?"

एली हातातला भुसा चोळत राहिला. शेवटी म्हणाला, "मला ठाऊक नाही."

खोटं बोलला नाही, याबद्दल मला त्याचा आदर वाटला. पण त्या उत्तराने माझं काही भागणार नव्हतं. त्याच्या फटीवर आईने घातलेली चादर होती. पलीकडे जायला वाट होती, कठीण असली तरी. माझ्या फळीला वाट नव्हती. ज्यातून सुटका नाही त्याला शिक्षा कसं म्हणायचं? शिक्षेला निदान गुन्हा लागतो.

त्या रात्री आईने विचारलं, "जेवलास का तितं?"

"जेवलो," मी म्हणालो.

ती चुलीपुढे बसून हाताला तेल चोळत राहिली.

*

सुगी झाल्यावर गावाचं धान्याचं कोठार बांधायचं ठरलं. गोठ्यापेक्षा मोठं. ऐनाचे खांब, जड. पुढची भिंत जमिनीवर जोडून तयार झाली. बांबू धरायला गाव. दोर आमच्या वस्तीकडे. दोराचं काम धोक्याचं. सांगाडा सटकला तर ओढणाऱ्यांच्या अंगावर. लाकडाला विटाळ नव्हता, दोराला नव्हता, आमच्या घामालाही नव्हता. फक्त ताटाला होता.

मी उंच दगडावर उभा होतो. माझ्या हाकेवर सगळे उचलणार. एली खाली सांगाड्याजवळ. त्याने हात वर केला. "तयार?"

मी आजूबाजूला पाहिलं. आंब्याखाली सारवण झालं होतं. गाडीपलीकडे दोन दगड. त्यांवर फळी. कुणीतरी ती आधीच मांडून ठेवली होती. काम सुरू व्हायच्याही आधी.

मी हाक दिली नाही.

"आबा," मी म्हणालो, "काम झाल्यावर जेवायला कोण कुठं बसणार?"

पाटलांना वाटलं मी गंमत करतोय. "आँ? ही येळ हाय व्हय इचारायची?"

"हीच हाय."

"बसतील रीतीपरमानं. तुला टेबल हाय की."

"टेबल नगं. पंगत एक करा. न्हाईतर आमच्या लोकांनी दोर कशाला वडायचा?"

बांबू धरलेल्यांनी माना वळवल्या.

"कुणाच्या जिवावर बोलतुयास रं?" पाटील पुढे आले. "बीए झालास म्हंजी आभाळाला हात लागलं? तुज्या बानं हितं कदी तोंड वर केलं न्हाई."

"त्यानं न्हाई केलं. म्हणून मी करतोय."

एलीने विचारलं, "काय चाललंय?" त्या दिवशी मी सगळं नीट भाषांतर केलं. पाटलांचा शब्द, माझा शब्द, काहीही न वगळता.

एली म्हणाला, "आधी काम होऊ दे. लोक तयार उभे आहेत. नंतर बोलू. त्यांना उचलायला सांग."

"मी सांगणार नाही."

"कृपा कर."

"एली, तो मराठी शब्द तुला येतो. तू सांग."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग सांगाड्याकडे. त्याच्या मुलखात अशा वेळी काम थांबत नाही. सांगाडा जमिनीवर पडला असताना कुणी पाठ फिरवत नाही. हे त्याच्या हाडात होतं. मी ते समजू शकत होतो.

"उचला," एली म्हणाला. हळू आवाजात.

बांबूवाल्यांनी रेटलं. सांगाडा वीतभर उचलला गेला. पलीकडे ओढायला कुणी नव्हतं. माझ्या आईने सगळ्यांत आधी दोर सोडला होता. तिने हात पदराला पुसले आणि बाजूला झाली. मग तिच्या शेजारणीने सोडला. मग सगळ्यांनीच. सांगाडा दणकन खाली बसला, धूळ उडाली.

दुपारपर्यंत गावाने खटपट केली. दोन वेळा उचलला, दोन्ही वेळा परत टेकला. संध्याकाळी तो तिथेच आडवा होता.

*

माझी नोकरी गेली. संस्थेच्या पुण्यातल्या साहेबांनी सांगितलं, दुभाष्याने स्वतःचं मत मधे घालायचं नसतं. एलीची दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली. जाण्याआधी तो घरी आला. नेहमीसारखं आईच्या हातून पाणी घेतलं.

"तू थांबायला हवं होतंस," तो म्हणाला.

"तू त्या टेबलाशी थांबलाच आहेस ना? किती वर्षं झाली?"

त्याने तांब्या खाली ठेवला. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेला. तो भला माणूस होता. मी हे आजही म्हणतो. भल्या माणसाचाही सल्ला नाकारावा लागतो, हे मला त्याच्याकडून कळलं.

गावाने आमच्या वस्तीचं काम बंद केलं. शेतावर बोलावणं नाही. गिरणीत दळण नाही. वाण्याच्या दुकानात माल शिल्लक नाही. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली, चालत, भुकूम गावाच्याही पुढे. घरी आली की तिला बोटं मिटता यायची नाहीत.

मग निरोप आला. घेऊन आला आमच्यातलाच म्हातारा, म्हादबा. "पाटील म्हंत्यात, चावडीत ये. सगळ्यांम्होरं हात जोड, चुकलो म्हण. बास. सगळं परत चालू. तुला बी पयल्यासारखं बोलवत्याल."

वस्ती आमच्या दारात जमली.

"म्हण की रं येकदा! जीभ झडती का?"

"तुजी डिग्री तुज्यापाशी. आमची पोरं उपाशी हायेत."

"त्यानं येकट्यानं दोर सोडला का? आपुन बी सोडला की."

"सोडला, पर आता काय खायाचं, ते सांग!"

त्यांचं काही चुकत नव्हतं. माझ्या एका प्रश्नाची किंमत ते मोजत होते. हे मी विसरलेलो नाही. कुणी मला शूर म्हणालं तर मला त्या पोरांची तोंडं आठवतात.

आई उंबऱ्यात बसली होती. सगळे ओरडून थकल्यावर तिने विचारलं, "तू चुकलास का?"

"न्हाई."

"मग हात जोडू नगंस. पर जा. न्हाई गेलास तर भ्याला म्हंत्याल."

मी गेलो. चावडी भरलेली होती. पाटील पान लावत होते. वर न बघताच म्हणाले, "हां. बोल. लवकर उरक, कुणाला येळ न्हाई."

सगळे माझ्या हातांकडे बघत होते. ते जुळतात का म्हणून. मी हात खाली सोडून उभा राहिलो.

"मी माफी मागायला आलो न्हाई," मी म्हणालो. "माफी मागायला चूक लागती. माझी चूक काय ती आबांनी आत्ता सगळ्यांम्होरं सांगावी. दोर सोडला ही चूक म्हणत असाल तर दोर आमचा व्हता, हात आमचे व्हते. महाराच्या पोटी जन्मलो ही चूक म्हणत असाल, तर तसं तोंडानं म्हणा. म्हणा की."

पाटलांच्या हातातलं पान तसंच राहिलं. मी थांबलो. पुरेसा थांबलो. मग निघालो. पाठीमागून शिवी आली. एकच. मी वळलो नाही.

वस्तीचं काम तसंच बंद राहिलं. भात लावणीच्या वेळी गाव पुन्हा आलं बोलवायला, कारण चिखलात उतरायला हात पुरेनात. माया नव्हती, गरज होती. तेव्हा म्हादबाने त्यांना आधी विचारलं, जेवणाचं कसं? गाव म्हणालं, जेवण ज्याचं त्याने आणायचं. पंगत एक झाली नाही. आजही झालेली नाही. कोठार पुढे गावाने जुन्याच पद्धतीने बांधलं, एकेक खांब रोवून.

मी आता एका शाळेत शिकवतो. ज्यांनी मला शिकवलं त्यांचं नाव मी रोज मनात घेतो. त्यांचं देणं मानतो. पण देणं मानणं वेगळं आणि मान तुकवणं वेगळं, एवढं मला आता कळतं. मला लग्नाला बोलावतात, सत्यनारायणाला, गावच्या श्रमदानाला, तालुक्याच्या सभेला. बोलावणारे गोड बोलतात. मी त्यांना एकच विचारतो, जेवायला सगळे एकत्र बसणार आहेत का? काही जण हसून विषय बदलतात. काही चिडतात. काही म्हणतात, मास्तर, हे आता जुनं झालं. जुनं झालं असेल तर उत्तर द्यायला काय हरकत आहे?

उत्तर मिळेपर्यंत मी कामाला हात लावत नाही.